गौरी-गणपतीला कॅमेरा कोणता घ्यावा?

ताई: यंदा गौरी यायच्या आत कॅमेरा घ्यायचा ठरवलंय. बडोद्यात दांडिया बाजारच्या वाड्यात आरास माजघरात असते. वर एक दिवा, बाकी समया. फोनवर मूर्ती सुरेख येते, पण आरतीतली पोरं म्हणजे नुसते फराटे. मला यातलं काही कळत नाही, शिकायची तयारी मात्र आहे. काय घेऊ?

काका: जास्त मेगापिक्सेलवाला बघ. झूमही मोठा असू दे, लांबून आजीचा चेहरा टिपता येईल.

दादा: काका, माजघरात लांब जायला जागाच कुठे आहे? आणि स्वस्त झूम लेन्स जितकी झूम कराल तितकी अंधारी होते. मेगापिक्सेलनं प्रिंट मोठी निघते, उजेड वाढत नाही.

ताई, फोन रात्री बरेच फोटो भराभर काढून एकात मिसळतो. मूर्ती हलत नाही म्हणून ती छान येते, पोरं हलतात म्हणून फराटे.

माझं म्हणणं एवढंच, बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) साधी घे आणि वाचलेले पैसे लेन्सवर घाल. कॅनन आर ५० (२०२३ चा) नवशिक्याला छान आहे, हलका आहे, चेहऱ्यावर फोकस आपणहून धरतो. पण त्यासोबत येणारी १८-४५ लेन्स एफ ४.५ पासून ६.३ पर्यंत, म्हणजे घरातल्या उजेडाला तोंड फारच बारीक (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). त्याऐवजी ३५ एमएम एफ १.८ लाव. एफ ५.६ च्या मानानं साधारण नऊ-दहा पट उजेड आत येतो. जिथे शटर (फोटो टिपायचा वेळ) १/१५ सेकंदावर अडकायचं, तिथे १/१२५ मिळतं. १/१५ ला पोरगं पुसलं जातं, १/१२५ ला त्याचं हसू टिकतं. टाळ्यांचे हात थोडे हलतील, ते हलू देत, छानच दिसतात.

वहिनी: ५० एमएम स्वस्त मिळते ना? सगळे तीच सांगतात.

दादा: हो वहिनी, पण आर ५० चा सेन्सर लहान, त्यावर ५० ची चौकट ८० सारखी अरुंद होते (एमएम जितके जास्त, तितकं चौकटीत कमी मावतं). आजीचा एकटीचा फोटो अप्रतिम येईल. पूर्ण आरती हवी तर पाठ भिंतीला टेकेल. म्हणून ३५.

आत्या (इंदूर): मी जुना निकॉन घ्यायच्या विचारात आहे, डी ५६००. चालेल का रे?

दादा: चालेल की आत्या. फक्त लेन्स घेताना नाव नीट वाचा. त्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या ५० एमएम एफ १.८ डी लेन्सला स्वतःची मोटर नसते, त्यामुळे फोकस हातानं फिरवावा लागेल. एएफ-एस (म्हणजे स्वतःची मोटर असलेली) लिहिलेली ३५ एफ १.८ जी घ्या.

काका: मग फ्लॅश लावला की झालं! एवढी लेन्स कशाला?

दादा: समोरून फ्लॅश मारला की समईचा सोनेरी उजेड मरतो, आणि तोच तर आपल्याला हवाय. छताकडे वळवायचा म्हटलं तर छत पांढरं लागतं, वाड्याचं काळपट लाकडी छत उजेड परतच देत नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये मात्र वळवता येणारा फ्लॅश उत्तम चालेल, काका.

ताई: स्टॅबिलायझर असतो म्हणे?

दादा: तो आपल्या हाताची थरथर सांभाळतो, पोरांची हालचाल नाही. मूर्तीसाठी उपयोगी आहे.

ताई: आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची संवेदनशीलता, किती ठेवू? वाढवला की दाणे येतात असं ऐकलंय.

दादा: येऊ देत! ३२०० बिनधास्त, गरज पडली तर ६४००. दाणेदार फोटो छापून भिंतीवर लावता येतो, हललेला लावता येत नाही. एलईडीच्या माळांमुळे पट्टे दिसले तर शटर १/१०० कर, आपली वीज ५० हर्ट्झची, त्याला ते जुळतं. रंगासाठी रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढ, पिवळा बल्ब आणि समई यांचा मेळ नंतर बसवता येतो.

ताई: ठरलं. बॉडी आर ५०, लेन्स ३५. सोबतची लेन्स नको म्हणून दुकानात सांगते, बॉडी एकटी देतात का विचारते. दादा, शनिवारी बडोद्यात आहेस ना? सोबत चल.

दादा: येतो. मेमरी कार्ड आणि जास्तीची बॅटरी यादीत लिही. आणि आणल्या दिवसापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात आजीचे फोटो काढ, त्या पोळ्या लाटताना. उजेड साधारण माजघराइतकाच असतो, आणि त्यांचे हात थांबत नाहीत.