अमेरिकेचा टॅरिफ, सुताचा भाव, बँकेचं लोन... आत्ता रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे आधुनिक माग) घ्यावेत का थांबावं? (सोलापूर, टॉवेल, डिसेंबर २०२५)

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, २४ साधे लूम, वडिलांनी उभा केलेला, आता मी बघतो. निम्मा माल चाटी गल्ली (इथली कापडाची बाजारपेठ) आणि बाहेरगावचे होलसेलवाले, निम्मा एका मर्चंट एक्स्पोर्टरला. तो पुढे कुठं पाठवतो ते आम्ही कधी विचारलं नाही, बिल निघतंय ना मग झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पने भारताच्या मालावर आधी २५ आणि मग २७ तारखेपासून एकूण ५० टक्के लावले आणि ऑर्डर थांबली तेव्हा कळलं की बहुतेक सगळं अमेरिकेलाच जात होतं.

आता तयार झालेला माल गोडाऊनला पडून आहे. पांढरा आणि बेज, २७ बाय ५४ इंची, हेमिंगमध्ये (कडेच्या शिलाईत) त्या अमेरिकन पार्टीचं लेबल शिवलेलं. एक्स्पोर्टर म्हणतो लोकलला काढा. लोकलला काढायचं तर लेबल काढायला पाहिजे, आणि ते दुमडीत अडकलेलं असतं त्यामुळं नुसतं कापून चालत नाही, कड उसवायची, लेबल ओढायचं, परत शिवायची. हेमिंगच्या बायका दिवसभर तेच करत बसल्यात, नवीन शिलाईच्या दरानं मजुरी द्यावी लागतीय आणि एवढं करून चाटी गल्लीवाला म्हणतो पांढरा कोण घेतो ओ, रंगीत बॉर्डरचा आणा.

दुसरीकडं बँकवाले मागे लागलेत, व्याज कमी झालंय, घ्या लोन. चार सेकंडहँड रॅपियर बघून ठेवलेत, ६० लाखांचं काम आहे. वडील म्हणतात मंदीत मशीन स्वस्त मिळतं, घेऊन टाक. चुलतभाऊ म्हणतो जगात काय चाललंय बघ आधी. रोज मोबाईलवर टॅरिफ, रुपया डॉलरला ९०, रेपो रेट, कापसाची ड्युटी हे सगळं वाचतो आणि वाचून आणखीच गोंधळ होतो. यातलं आमच्यासारख्याच्या धंद्याला खरंच लागू पडणारं कुठलं आणि नुसतं वाचून सोडून द्यायचं कुठलं? अनुभवी लोकांनी सांगा.

हिशोबनीस
दादा प्रश्न चांगला विचारलात, कारण बहुतेक जण बातमी बघून घाबरतात किंवा बातमी बघून मशीन घेतात, बातमीतून आपल्या वहीत आकडा किती येतो ते कुणी काढत नाही. मी काढून दाखवतो, आकडे समजा म्हणून धरलेत, तुमचे टाकून बघा.

समजा महिन्याला ५ टन सूत लागतं. सूत किलोला १० रुपयांनी हललं की महिन्याला ५० हजारांचा फरक. हे एक.

दुसरं उधारी. ५ टन माल किलोला ३५० नं धरला तर महिन्याची विक्री साडेसतरा लाख. व्यापारी ४५ दिवसांचा ९० दिवसांवर गेला तर दीड महिन्याची विक्री म्हणजे सव्वीस लाख जास्तीचे बाजारात अडकले. कॅश क्रेडिटचं (बँकेच्या खेळत्या कर्जाचं) व्याज १० टक्के धरा, महिन्याला २१-२२ हजार गेले, आणि ते कुठल्या बिलावर दिसत नाहीत म्हणून कुणाला टोचत नाहीत.

तिसरं तुमचं ते व्याज. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५ वरून ५.२५ वर आणला, म्हणजे सव्वा टक्का. ६० लाखांवर वर्षाला ७५ हजार, महिन्याला सव्वासहा हजार. बँकेचा माणूस ज्या गोष्टीसाठी तुमच्या दारात उभा आहे ती तिन्हीत सगळ्यात लहान आहे. व्याज स्वस्त झालं हे लोन घ्यायचं कारण होऊच शकत नाही, घ्यायचंच असेल तर थोडा दिलासा एवढंच.

म्हणून माझं मत, आधी सूत आणि उधारी, मशीन नंतर. व्यापाऱ्याकडून पैसे वेळेत काढायला एक हत्यार सरकारने दिलंय ते वापरता का? १९६१ च्या आयकर कायद्याचं ४३बी(एच), १ एप्रिल २०२४ पासून. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर ती खरेदी त्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरायची. त्यामुळं मार्च जवळ आला की होलसेलवाल्याचा सीए स्वतः त्याला फोन करतो. पण तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (सरकारकडची लघु उद्योगाची नोंदणी) उत्पादक म्हणून पाहिजे आणि बिलावर नंबर पाहिजे.

गड्डा_यात्रेकरू
रेपो कमी झाला ही बातमी कुणीतरी आमच्या बँकेला पण कळवा 😀

हिशोबनीस
@गड्डा_यात्रेकरू हसू नका, तुमचं लोन बहुतेक जुन्या एमसीएलआरला (बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरणाऱ्या दराला) बांधलेलं असणार. सूक्ष्म-लघु उद्योगांची फ्लोटिंग लोन ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बऱ्याच ठिकाणी रेपोलाच जोडायची असा नियम आहे, पण जुनी लोन आपोआप बदलत नाहीत, अर्ज द्यावा लागतो. सॅन्क्शन लेटर काढून बघा कुठला रेट लिहिलाय. बँक कोऑपरेटिव्ह असेल तर मात्र तिचं वेगळं असतं.

चाटीगल्ली_नाका
४३बी(एच) चं पुस्तकात बरोबर आहे साहेब. बाजारात काय होतं सांगू का, व्यापारी सरळ म्हणतो उद्यम नंबर बिलावर टाकू नका, नाहीतर पानिपतचा टॉवेलवाला उभाच आहे. आणि छोटा कारखानदार गप बसतो कारण गोडाऊन भरलेलं असतं. मी दुकानदारच आहे म्हणून सांगायलोय. यंदा बाहेरचा एक्स्पोर्टचा अडकलेला माल सगळा देशातल्या बाजारात उतरलाय, पांढऱ्या टॉवेलला म्हणून भाव नाही. तुम्हाला वाटतं टॅरिफ अमेरिकेत लागला, तो चाटी गल्लीत लागलाय.

रॅपियरवाले_काका
हिशोब वाचला. हिशोब बरोबर, पण त्यात लूम चालवणारा माणूस कुठाय?

मी काही वर्षांपूर्वी रॅपियर टाकले ते कुठला टॅरिफ की रेपो बघून नाही टाकले. सोलापूरच्या पूर्व भागात पूर्वी घरोघरी विणकर, बाप लूमवर, पोरगं शाळा सुटली की कांड्या भरायला. आता ते पोरगं पुण्याला हिंजवडीत नाहीतर हैदराबादला, आणि चांगलंय की, कशाला यावं त्यानं त्या आवाजात. आमच्याकडं जे विणकर राहिलेत ते पन्नाशीच्या पुढचे. साध्या लूमवर एक माणूस दोन लूम बघतो, रॅपियरवर तोच जास्त मशीन बघतो आणि माल एकसारखा निघतो, पायलची (टॉवेलच्या फासांची) उंची इकडंतिकडं होत नाही. दहा वर्षांनी तुमचे २४ लूम चालवणार कोण ते आधी सांगा.

फक्त एक, सेकंडहँड घेताना जकार्ड (नक्षी विणायची जोडणी) आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं तपासून घ्या, स्पेअर मिळतात का बघा. एक कार्ड गेलं तर मशीन महिना महिना उभं राहतं आणि हप्ता काही उभा राहत नाही. आणि अनुदानाच्या भरवशावर राहू नका. केंद्राची मशीनसाठीची टफ योजना मार्च २०२२ ला संपली, राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात आहे अनुदान पण ते तुम्ही आधी खर्च केल्यावर मागाहून येतं. आलं तर दिवाळी, नाहीतर हप्ता आपणच भरायचाय असं धरून चाला.

डॉक्युमेंटवाली
मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करते, सोलापूरच्या दोन-तीन पार्ट्या माझ्याकडं आहेत, म्हणून टॅरिफबद्दल बोलते. कॉटन टेरी टॉवेलवर अमेरिकेत आधीपासून ९.१ टक्के ड्युटी होतीच, त्यावर ऑगस्ट २०२५ पासून हे ५०. म्हणजे ५९.१. पाकिस्तानला वरचे १९, म्हणजे त्यांचं २८.१. आणि टॉवेलमध्ये आपला खरा सामना त्यांच्याशीच आहे. ३१ टक्क्यांचा फरक कुठल्या कारखानदाराच्या मार्जिनमधून काढणार? खरेदीदार सुरवातीला म्हणतात अर्धं तुम्ही सोसा अर्धं आम्ही, काहींनी सोसलं पण, पण ते गिऱ्हाईक टिकवायला, धंदा म्हणून नाही.

रुपया ९० झाला म्हणून एक्स्पोर्टवाल्यांची चांदी असं जे म्हणतात त्यांनी हिशोब करावा. २०२५ च्या सुरवातीला ८६ च्या आसपास होता, म्हणजे पाचेक टक्के जास्त मिळाले, त्यात ५० टक्के कुठं बसणार. शिवाय डाइज-केमिकल आणि मशीनचे स्पेअर त्याच डॉलरने महाग होतात. आणि दादा तुम्ही तर एक्स्पोर्टरला रुपयात बिल करता, रुपया पडल्याचा फायदा तो ठेवणार, ऑर्डर थांबल्याचा तोटा तुमच्या गोडाऊनला. हे असंच असतं मर्चंटकडून जाताना, त्याबद्दल रडून उपयोग नाही, पण माहिती तरी पाहिजे की आपला माल कुठल्या देशात किती जातो.

अमेरिका सोडून बघायचं तर यूएई. मे २०२२ पासून करार लागू आहे, आपल्या टॉवेलला तिथं ड्युटी नाही. ऑर्डर लहान, भावाला घासाघीस फार, पण पैसा लवकर फिरतो. ब्रिटनच्या करारावर जुलै २०२५ मध्ये सही झाली पण सही म्हणजे लागू नव्हे, तिथून आत्ता सॅम्पल मागवतायत एवढंच. सॅम्पल जरूर पाठवा, त्याच्या जिवावर लोन काढू नका. आणि युरोपचा माल धरला तर लाल समुद्राची भानगड २०२३ च्या शेवटापासून लागलीय, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली की दोन आठवडे तरी जास्त, तेवढे दिवस पैसा पाण्यावर.

त्या पांढऱ्या मालाचं, लेबल उसवत बसू नका सगळ्याचं. हॉटेलला, हॉस्पिटलला पांढराच लागतो. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, तिन्हीकडं लॉज किती आहेत बघा, सगळे आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. फक्त त्या ब्रँडचं लेबल तसंच ठेवून विकायला एक्स्पोर्टरची लेखी परवानगी घ्या, नाहीतर उद्या तो हात वर करेल.

कापूसवाला_परभणी
तुमचा धागा वाचतोय. सूत स्वस्त झालं तर बरं असं सगळे म्हणताय, एक बाजू आमची पण ऐका. १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढली, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात यायच्या टायमाला. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० आहे पण तो सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर, ओलावा जास्त निघाला की परत पाठवतात, मग खेडा खरेदीवाला (गावात येऊन घेणारा खाजगी व्यापारी) म्हणेल तो भाव. टॉवेल स्वस्त विणा, आमची काही हरकत नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
@कापूसवाला_परभणी तुमचं पटतंय भाऊ, आपल्या दोघांच्या मध्ये जिनिंग आणि सूतगिरणी बसलीय त्यामुळं एकमेकांचं दिसत नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. हिशोबनीस साहेबांच्या रीतीनं रात्री वही काढून बसलो. आमचं सूत महिन्याला ५ टनापेक्षा थोडं कमी आहे पण उधारी तुमच्या उदाहरणापेक्षा वाईट निघाली. वडिलांना दाखवलं, ते म्हणाले मला माहीतच होतं, व्यापाऱ्याशी वाकडं घेऊन चालत नाही. आता दोन प्रश्न. ३१ डिसेंबरला कापसाची ड्युटी परत लागली तर सूत वाढणार, मग आत्ताच दोन-तीन महिन्यांचं भरून ठेवावं का? आणि चार ऐवजी दोनच रॅपियर घेतले तर?

हिशोबनीस
सूत भरून ठेवणं हा विणायचा धंदा नाही, सट्टा आहे. २०२२ आठवतंय का, मे महिन्यात कापूस खंडीला (३५६ किलोला) १ लाखाच्या वर गेला होता, आणखी वाढणार म्हणून लोकांनी कॅश क्रेडिट संपवून सूत भरलं आणि नंतर भाव असा कोसळला की महागाच्या सुताचे टॉवेल स्वस्तात विकायची पाळी आली. आणि सुताचा भाव नुसत्या ड्युटीवर नाही, बांगलादेशवर पण आहे, आपल्या सुताचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तोच. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जमिनीच्या रस्त्याने सूत घेणं बंद केलं, तिकडं जाणारं थोडं जरी इकडं वळलं तर भाव वाढायच्या ऐवजी दबतो. म्हणून हातात पक्की ऑर्डर असेल तेवढ्याचं सूत, त्यावर फार तर एक महिन्याचं. बस.

जीएसटीचं कुणी विचारलं नाही पण सांगून टाकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के झाला, आधी ती मर्यादा १००० ची होती. टॉवेलला फरक नाही, तो ५ मध्येच होता. पण जकार्ड चादर करणाऱ्यांनी लक्ष द्या, हजाराच्या वरची जाड चादर १२ टक्क्यांत जायची ती आता ५ मध्ये आली. नकली सोलापुरी चादरीपुढं जो भावाचा फरक पडायचा तो तेवढा कमी झाला. २५०० च्या वर गेलात तर मात्र १२ चे १८ झालेत.

रॅपियरवाले_काका
दोन घ्या. पण बारा लूम विकून मगच घ्या, म्हणजे लोन निम्म्याच्याही खाली येईल आणि शेडमध्ये जागा होईल. भंगारच्या भावानं जातील, मन घट्ट करा. आणि दोन्ही रॅपियर रंगीत जकार्ड बॉर्डरला लावा, पांढऱ्याला नको. वडिलांना घेऊन एकदा माझ्या शेडला या, मशीन चालू असताना बघतील तर बोलणं सोपं जाईल.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
येतो काका, सोमवारी आमचे लूम बंद असतात तेव्हा. बारा लूम विकायचे म्हटल्यावर वडील काय म्हणतील ते इथं लिहीन. तोपर्यंत तुळजापूरच्या एका लॉजवाल्याशी बोललोय, १०० नग सॅम्पल म्हणून मागितलेत, पैसे रोख देतो म्हणाला पण भाव ऐकून मी जरा पाणी प्यायलो.

चाटीगल्ली_नाका
रोख देतोय ना? मग द्या ओ.