एअर पिस्तुलाच्या मुठीत बदल केल्यावर उपकरण तपासणीत अडचण

प्रश्न (नेमबाज पालक, सातारा)

माझी मुलगी चौदा वर्षांची असून दोन वर्षांपासून 10 मीटर एअर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. तिच्यासाठी घेतलेले पिस्तूल जुने आहे आणि त्याची लाकडी मूठ तिच्या लहान पंजात सैल बसत असे. म्हणून आम्ही मुठीवर एपॉक्सी पुट्टी भरली, ती ओली असतानाच तिच्या बोटांचे ठसे घेतले आणि वाळल्यावर पॉलिशपेपरने घासली. तळहाताची कड ज्या पट्टीवर टेकते, तिची बाहेरची बाजूही पुट्टीने थोडी वर उचलली. पकड फार सुरेख आली आणि गुणही वाढले; मात्र स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासणीत ती मूठ नाकारली गेली. ट्रिगरने वजन पहिल्या दोन प्रयत्नांत उचलले नाही, तिसऱ्या प्रयत्नात उचलले. मुलगी रडवेली झाली होती आणि मला रात्री कानस घेऊन बसावे लागले. मुठीत नेमका कोणता बदल चालतो आणि कोणता चालत नाही, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर 1 (अनेक वर्षे तपासणीच्या टेबलावर काम केलेला)

पुट्टी भरण्याला नियमांची मुळीच हरकत नाही. हाताच्या मापाची मूठ करून घेणे हा या खेळाचाच भाग आहे. आक्षेप तुम्ही उचललेल्या कडेला होता. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमानुसार 10 मीटर आणि 25 मीटर प्रकारांत तळहाताची पट्टी मुठीशी 90 अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही आणि तिची कड वर वळलेली चालत नाही, कारण तशी कड हाताला बाजूने धरून ठेवते. अंगठ्याच्या आधारालाही हेच तत्त्व लागू आहे. अंगठा वरच्या दिशेने विनाअडथळा उचलता आला पाहिजे. मुठीने हाताला वेढा घालता कामा नये आणि नेम धरलेला असताना मनगट स्पष्टपणे मोकळे दिसले पाहिजे. त्या हातात घड्याळ किंवा मनगटपट्टा घातलेलाही चालत नाही.

मूठ जुन्या पिस्तुलासोबतच आली असेल, तर ती मुळात 50 मीटर पिस्तुलासाठी घडवलेली नाही ना, हेही पाहून घ्या. त्या प्रकारात पंजाभोवती वळणारी मूठ वैध असते आणि तशा मुठी पाहून अनेक पालक तीच नक्कल एअर पिस्तुलावर करतात.

दुसरी गोष्ट मापाच्या पेटीची. संपूर्ण पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते. लांबी आणि उंचीमुळे सहसा कोणी अडकत नाही, पण 50 मिलिमीटरची जाडी फसवी असते. पट्टीवर पुट्टीचा एक हात जास्त फिरला की पिस्तूल पेटीच्या काठावर अडते. घरी पुठ्ठ्याची पेटी न करता प्लायवूडची करा, कारण पुठ्ठा दाबला की वाकतो आणि आपली समजूत चुकीची होते. एकूण वजनाची मर्यादा 1500 ग्रॅम आहे. पुट्टीने त्यात फारसा फरक पडत नाही.

उत्तर 2 (25 मीटर नेमबाज, पुणे)

ट्रिगरबद्दल मी लिहिते, कारण तिसऱ्या प्रयत्नात वजन उचलले जाणे ही समाधानाची बाब नाही. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे तेवढे वजन पेलतानाही तो सुटता कामा नये. नळी उभी धरून ट्रिगरच्या मध्यावर वजन अडकवतात आणि सपाट पृष्ठभागावरून ते अलगद उचलतात. त्या वेळी हवा भरलेली व पिस्तूल कॉक केलेले असते. ड्राय फायरिंगच्या, म्हणजे छर्रा न उडवता करायच्या कोरड्या सरावाच्या, स्थितीत घरी घेतलेल्या मापावर म्हणूनच विसंबू नये. स्पर्धेनंतरही काही खेळाडूंची अचानक निवड करून ट्रिगर तपासतात आणि तिथे तीन प्रयत्नांत वजन उचलले गेले नाही, तर खेळाडू थेट बाद होतो. मी स्वतः एअर पिस्तुलाचा ट्रिगर 515 ते 520 ग्रॅमच्या आसपास ठेवते. त्या वीस ग्रॅमने माझा एकही शॉट बिघडल्याचे मला आठवत नाही.

पुढे मुलीला 25 मीटरकडे न्यायचे असेल, तर आकडे बदलतात. राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या 25 मीटर पिस्तुलात ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा, वजन जास्तीत जास्त 1400 ग्रॅम आणि नळी जास्तीत जास्त 153 मिलिमीटर असते. एअर पिस्तुलाच्या नळीला छिद्रे असलेली चालतात, 25 मीटरला ती चालत नाहीत. तिथला ट्रिगर दुप्पट जड असल्याने 500 ग्रॅमच्या ट्रिगरवर बोट फार लाडावू देऊ नका.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, याबद्दल मी आभारी आहे. काल गुण्या लावून पाहिला, तेव्हा कड साधारण चार मिलिमीटर वर आलेली दिसली. ती आता पूर्ण सपाट केली आहे. एक शंका उरते: तपासणीत मंजूर झालेल्या मुठीला स्पर्धेच्या सकाळी पॉलिशपेपर लावला तर चालेल का?

उत्तर 1

खडबडीतपणा घालवण्यापुरते घासायला हरकत नाही, परंतु पट्टी सैल करून वरखाली केलीत किंवा नवीन पुट्टी लावलीत, तर पिस्तूल पुन्हा तपासणीला न्या. मंजुरीनंतर नियमबाह्य बदल आढळल्यास खेळाडू बाद होतो. पट्टी ज्या जागी मंजूर झाली, तिथे मुठीवर पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवा. प्रवासात स्क्रू ढिला होऊन पट्टी सरकली तर लगेच दिसेल.