मदत हवी आहे: क्वांडरी पीक, क्रिस्टो कुलुआरवरून स्कीने उतरणे (मे महिना)

कैरीपन्हं:
नमस्कार मंडळी. इथे सह्याद्रीवाले भरपूर आहेत, स्कीवाले किती ते माहीत नाही, तरी विचारतेय. आम्ही डेन्व्हरला राहतो, रिसॉर्टवर ब्लॅक रन (अवघड दर्जाचे उतार) नीट जमतात, हिवाळ्यात स्किन्स (चढताना स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या) लावून सोप्या उतारांवर बॅककंट्रीही (रिसॉर्टबाहेरचं स्कीइंग) करतो, मी आणि नवरा दोघांनी हिमस्खलनाचा, म्हणजे अ‍ॅव्हलांचचा लेव्हल वन कोर्स केलाय. आता मेच्या मध्यावर क्रिस्टो कुलुआर करायचं डोक्यात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्वांडरी हा ब्रेकनरिजच्या दक्षिणेचा १४,२६५ फुटांचा डोंगर, आणि त्याच्या दक्षिण अंगाला माथ्यापासून पार ब्लू लेक्सच्या धरणाजवळ उतरलेली ही बर्फाची नळी, दोन्हीकडे खडक, उंची साधारण अडीच हजार फूट आणि उतार ४० अंशांच्या आसपास. खालून अख्खी दिसते आणि खालून बघताना वाटतं त्यात काय एवढं.

तर घोळ असा आहे की आमच्याबरोबर येणारा मित्र म्हणतो ईस्ट रिजने, म्हणजे नेहमीच्या पायवाटेच्या धारेने आरामात वर जाऊ, सहाला निघू, आणि वरून नळीत उतरू, कशाला उगाच क्रॅम्पॉन (बुटाखालचे खिळे) लावून नळीतूनच चढत बसायचं. शिवाय त्याचं म्हणणं मे महिन्यात बर्फ बसलेला असतो, बीकन-प्रोब-फावडं, म्हणजे बर्फात गाडलेल्याला शोधून काढायच्या वस्तू, हे सगळं जानेवारीचं सामान, वजन कशाला. मला हे पटत नाहीये पण मुद्देसूद भांडताही येत नाहीये. ज्यांनी वसंतात दक्षिणेकडचे उतार केलेत त्यांनी सांगा, नळीतूनच चढावं की धारेवरून जावं? आणि रात्री बर्फ नीट गोठला की नाही हे घरी बसून कळायची काही सोय आहे का, का तिथे जाऊनच बघायचं?

घाटवाट:
स्की मला येत नाही त्यामुळे तो भाग सोडा, पण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेला माणूस म्हणून एकच सांगतो, नळीत वरचा माणूस आणि वरचा दगड हे दोन शत्रू. तुमच्याकडे तर त्यात बर्फ पण. वाचतोय.

बर्फाळबोका:
बोल्डरकर इथे. क्रिस्टो केलाय. मित्राला सांगा सहाला निघायचं असेल तर सरळ ब्रंचलाच जा.

दक्षिणमुखी उतार आहे, मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय, ऊन लवकर लागतं. तुम्हाला हवा असतो कॉर्न, म्हणजे रात्री कडक गोठलेला आणि सकाळी वरचा इंच-दोन इंचच सैल झालेला जाड मिठासारखा बर्फ. त्याची वेळ फार थोडी असते. लवकर गेलात तर काचेसारखं कडक, तिथे पडलात की थांबणं नाही, सरळ खाली. उशीर केलात तर पाय नडगीपर्यंत आत आणि ओला बर्फ सुटायला लागतो. रस्ता धरणापर्यंत उघडा असेल तर चारच्या आत चालायला लागा, तीन-चार तास चढाई, आठच्या सुमारास वर, कडक वाटला तर वर थांबून खा-प्या. रस्ता बंद असेल तर हायवे नऊपासून दोनेक मैल जास्त, मग अजून लवकर.

आणि चढायचं नळीतूनच. जे उतरायचंय ते हाताखालून, पायाखालून गेलेलं असलं पाहिजे. कुठे खडक उघडा पडलाय, कुठे आदल्या दिवशीच्या ओल्या बर्फाचे गोठलेले ढेकूळ आहेत, कुठे पाणी वाहून खाच पडलीय, हे वरून उतरताना कळलं तर त्याचा उपयोग शून्य. धारेवरून गेलात तर धारेवरचा बर्फ वाऱ्याने घासलेला आणि नळीतला वेगळाच, एकावरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही.

अबोली_सॉल्टलेक:
बोकाशी बराच सहमत पण एक बाजू राहिली. नळीतून चढताना तुम्ही तीनेक तास त्याच फनेलमध्ये असता. वीकेंडला वर दुसरा ग्रुप असेल तर त्यांनी सोडलेला सगळा माल तुमच्या डोक्यावर, आणि क्वांडरीवर पहाडी बकऱ्या आहेत, त्याही दगड पाडायला मागेपुढे बघत नाहीत. हेल्मेट चढायला लागतानाच घाला, उतरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. शक्य असेल तर मधला वार बघा.

गोठण्याबद्दल: नुसतं रात्रीचं तापमान बघून फसायला होतं. आकाश निरभ्र असेल तर बर्फ स्वतःची उष्णता वर फेकतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. उलट ढग असतील तर हवा शून्याला टेकूनही कवच धरत नाही. त्यामुळे फोरकास्टमध्ये रात्रीचे ढग आधी बघा. जवळच हूजिअर पासला स्नोटेल स्टेशन (बर्फ आणि तापमान मोजणारं स्वयंचलित केंद्र) आहे, तिथलं रात्रीचं तापमान लागोपाठ तीन-चार दिवस बघा, एका रात्रीवर जाऊ नका. आणि कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच सेंटरचं फोरकास्ट वाचा, त्यात ओल्या स्लाइड्सबद्दल असतं.

बीकनचं: मेमध्येही वादळ येऊन फूटभर नवा बर्फ पडतो, तो पहिल्या उन्हात सुटतो. कोलोरॅडोचा हिवाळी बर्फ मुळातच तळाशी भुसभुशीत, वितळलेलं पाणी पहिल्यांदा तिथपर्यंत झिरपतं तेव्हा अख्खी लादी सुटू शकते. गोठणं-वितळणं बरेच दिवस चालल्यावर तो बसतो हे खरं, पण बसलाय हे मित्राने कॅलेंडर बघून ठरवायचं नसतं. गाडलं गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती हातात असतात, तेवढ्यात रेस्क्यूवाले धरणापर्यंतही येत नाहीत. ते स्वयंसेवक आहेत, फोन गेल्यावर घरून निघतात.

बर्फाळबोका:
अबोली +१. अजून एक, धुळीचं. वसंतात युटाकडच्या वाळवंटातून वारा धूळ आणतो, बर्फ तपकिरी दिसतो. असा बर्फ ऊन जास्त शोषतो, म्हणून मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी वेळा बघून ह्या वर्षीचं ठरवू नका. धूळ वर उघडी असेल तर सगळं लवकर उरकायचं.

अवांतर: ब्लॅक रन जमतात म्हणजे नक्की काय जमतं? अरापाहो बेसिन हे स्की रिसॉर्ट मेमध्ये बहुतेक चालू असतं, तिथल्या पॅलाव्हिचिनी ह्या तीव्र उतारावर सकाळी बर्फ कडक असताना जा. जंप टर्न (उडी मारून वळणं), आणि साइडस्लिप (स्की आडव्या ठेवून खाली घसरणं) करत हवं तिथे थांबता येतंय का बघा. घाबरून मागे बसलात की नळीत स्की पायाखालून निघून जाते. आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवायचा सरावही त्याच आठवड्यात करा, खाली सपाट असलेल्या छोट्या उतारावर.

कैरीपन्हं:
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. धारेबद्दल एक शंका. समजा नळीतून वर पोचलो पण उशीर झाला, पाय रुतायला लागले, तर ईस्ट रिजने खाली उतरता येईल ना? गाडी तर धरणाकडे असणार.

अबोली_सॉल्टलेक:
येईल, आणि आधीपासून तेच ठरवून ठेवा. ईस्ट रिज सौम्य आहे, फोर्टीनर (१४,००० फुटांवरचा डोंगर) स्कीने उतरायला बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. खाली दुसऱ्या ट्रेलहेडला निघाल, तिथून ब्लू लेक्स रोडने गाडीपर्यंत दोनेक मैल तंगडतोड. दोन गाड्या असतील तर एक तिथे लावा. पण हे झालं वर पोचल्यावरचं. पायथ्याशी अंधारातच बूट कर्रकर्र वाजायच्या ऐवजी घोट्यापर्यंत आत जात असेल तर वर जायचंच नाही, ऊन आल्यावर ते सुधारत नसतं.

कैरीपन्हं:
ठरलं. नळीतूनच चढायचं, बुधवार किंवा गुरुवार, बीकन तिघांकडे. मित्राला हा धागा पाठवला, त्याचं उत्तर आलं की तीन वाजता उठायचं असेल तर ड्रायव्हिंग तो करणार नाही. करते मी. दोन गाड्या मात्र नाहीत, त्या दिवशी ब्रेकनरिजकडून कोणी येणार असेल तर विपू करा (विचारपूशीत निरोप टाका), पोहे आमच्याकडून.