शब्दचर्चा: ‘श्नायडरके’ला मराठीत काय म्हणावं?

गवाक्ष
लिथुएनियातल्या केदाइन्याय गावच्या शिवणकाम करणाऱ्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. काळ दोन महायुद्धांच्या मधला. गावाचं यिडिशमधलं, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, नाव केयदान. १९२३ च्या जनगणनेत तिथे सुमारे अडीच हजार ज्यू होते, म्हणजे गावातला दर तिसरा माणूस, आणि कपडे शिवण्याचा धंदा बराचसा त्यांच्याच हातात. माझं घोडं शब्दांपाशी अडलंय. यिडिशमध्ये शिवणारा ‘श्नायडर’ आणि शिवणारी ‘श्नायडरके’. पहिल्याला ‘शिंपी’ लिहून मोकळा झालो. दुसरीला ‘शिंपीण’ लिहिलं की ती त्याची बायको वाटते. बरं, दर ओळीत ‘शिवणकाम करणारी बाई’ लिहायचं तर वाचणारा कंटाळेल. सुचवा काहीतरी.

नाचणी
शिंपीण नकोच. सोनारीण, कुंभारीण, तेलीण: ही सगळी नवऱ्यावरून किंवा जातीवरून पडलेली नावं. ती स्वतः चाकावर बसते का, हे कोणी विचारत नाही. शिवाय ‘शिंपी’ म्हटलं की नामदेवांपासूनचा अख्खा समाज डोळ्यापुढे येतो, तो लिथुएनियात कुठून आणणार? दोघांनाही टेलर म्हणा. फक्त ‘लेडीज टेलर’ लिहू नका, तो आपल्याकडे बहुधा पुरुषच असतो.

उत्तररात्र
लिथुएनियन भाषेला हा पेच पडत नाही. शिवणारा ‘स्युवेयास’, शिवणारी ‘स्युवेया’. बायकोसाठी प्रत्ययच निराळा: ‘दाक्तारास’ म्हणजे डॉक्टर, ‘दाक्तारियेने’ म्हणजे डॉक्टरची बायको.

गंमत म्हणजे ‘स्यूती’ म्हणजे शिवणे आणि ‘स्यूलास’ म्हणजे दोरा. संस्कृत सीव्यति आणि सूत्र, आपलं शिवणे आणि सूत ही त्यांचीच भावंडं. ‘शिंपी’ मात्र या घरातला नाही, त्याची व्युत्पत्ती ‘शिल्पिन्’कडे नेतात. ‘श्नायडर’ तर कापण्यावरून आलाय. लिथुएनियन खेड्यांत ‘क्र्याउच्युस’ हा जुना शब्दही चाले. तो स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतलेला, आणि त्याच्याही मुळाशी कापणंच.

अवांतर: त्या भागातले ज्यू बोलताना श आणि स यांची गल्लत करत, म्हणून इतर ज्यू त्यांना हसत. बऱ्याच तोंडी ‘स्नायडर’च ऐकू आला असता. आपल्याकडे शेताचं सेत होतं, त्यातलाच प्रकार.

सुईदोरा
कापण्यावरून नाव पडलं ते अगदी रास्त. माझं शिवणाचं दुकान आहे. आमच्यात मास्टर म्हणजे कापणारा, मशीनवर बसतो तो कारागीर. टीप चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर कापड गेलं. पण गवाक्ष, तिथे कोण काय शिवायचं ते आधी सांगा, मग शब्द ठरवू.

गवाक्ष
ढोबळ वाटणी सांगतो. पुरुषांचे सूट आणि ओव्हरकोट श्नायडरकडे. बायकांचे झगे, ब्लाउज श्नायडरकेकडे. ‘नेयतोरिन’ ही साधी शिवणारी, आतले कपडे, चादरी, अभ्रे असलं काम तिच्याकडे येई. जरा शहरी तोरा असलेली ‘मोदिस्तके’. बायकांचे जड कोट मात्र ‘दामेन-श्नायडर’ शिवायचा, म्हणजे नाचणी म्हणतात तो लेडीज टेलर तिथेही होताच.

सगळ्यांत खाली ‘लातुत्निक’. ठिगळं लावणारा. जुना कोट पूर्ण उसवायचा, कापड उलटायचं, आतली न विटलेली बाजू वर घेऊन पुन्हा शिवायचा. या उलटण्यासाठी यिडिशमध्ये स्वतंत्र क्रियापद आहे: ‘नित्सेवेन’. शेतकरी घरच्या मागावरचं ‘मिलास’ नावाचं जाड लोकरी कापड घेऊन येत. काही शिंपी उलट स्वतःच वस्त्यांवर जाऊन राहत, घरातल्या सगळ्यांचे कपडे तिथेच बसून शिवत आणि शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत गाव गाठत.

सुईदोरा
उलटलेला कोट ओळखायचा तर छातीवरचा खिसा बघायचा, डावीकडचा उजवीकडे गेलेला असतो. जुनी काजंही चुकीच्या बाजूला येतात, ती हाताने बुजवावी लागतात. लातुत्निकला हलकं समजत असतील तर अन्याय आहे. हे काम नवा कोट शिवण्याहून किचकट.

गवाक्ष
कॉलरच्या आतल्या कडक कापडाला ‘बकरम’ लिहू का?

सुईदोरा
नको. बकरम शर्टाच्या कॉलरला. कोटाला कॅनव्हास.

उत्तररात्र
आणि तो कॅनव्हास कसला, तेही लिहा. लोकर आणि लिनन एकाच कपड्यात असू नये असा ज्यू धर्माचा नियम आहे, अशा मिश्रणाला ‘शातनेझ’ म्हणतात. लिथुएनिया हा जवसाच्या शेतीचा देश, लिननचा कॅनव्हास आणि लिननचा दोरा सहज मिळणारा. लोकरी कोटाला तोच घातला की ज्यू गिऱ्हाइकाला तो कोट चालत नाही. बिगरज्यू शेतकऱ्याच्या कोटाला चालतो. म्हणजे गिऱ्हाईक कोण, हे पाहूनच आतलं कापड निवडायचं. लेखात नुसतं ‘आतलं कापड’ लिहिलंत तर यातलं काही कळणार नाही.

नाचणी
शिकाऊ पोरांना काय लिहिलंय? ‘उमेदवार’ बघा. ‘दुकानात उमेदवारी करत होता’ हे अस्सल मराठी आहे, निवडणुकीने त्याची वाट लावली असली तरी.

आणि एक विचारायचं होतं. हे यिडिश शब्द त्या गावात आज कोणाला कळतात का?

उत्तररात्र
बोलणारेच उरले नाहीत. २८ ऑगस्ट १९४१ ला केदाइन्यायमध्ये एका दिवसात २,०७६ ज्यूंना गोळ्या घातल्या, पैकी ५९९ मुलं. आकडे मारणाऱ्यांच्याच अहवालातले आहेत, नाझींच्या एसएस दलातल्या येगर नावाच्या अधिकाऱ्याच्या. आता गावात स्युवेयास आणि स्युवेया आहेत, श्नायडर नाही.

गवाक्ष
मग मूळ शब्दच ठेवतो: श्नायडर, श्नायडरके, नेयतोरिन. पहिल्यांदा येईल तिथे ‘झगे शिवून देणारी’ असं एका वाक्यात सांगतो आणि पुढे नुसतं ‘श्नायडरके’. उमेदवार आणि कॅनव्हास पक्के. लातुत्निकला ‘ठिगळ्या’ कसा वाटतो?

सुईदोरा
ठिगळ्या म्हणजे चिडवल्यासारखं वाटतं.

गवाक्ष
लातुत्निकही कौतुकाने म्हणत नसत. राहू दे ठिगळ्या. खिशाचं मात्र लेखात घालतो, तुमची हरकत नसेल तर.

सुईदोरा
घाला की. काजांचंही घाला.