शिक्षा ठरताना पीडितांचं ऐकायचं की नाही?

नदीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "शिक्षेच्या वेळी पीडितांना बोलू दिलं तर कोर्टात नुसती रडारड होईल." रात्रभर झोप नाही. माझ्या भावाला दारू प्यायलेल्याने उडवलं. दोषी ठरल्यावर कोर्टाने त्याला विचारलं, शिक्षेबद्दल काय सांगायचंय? म्हणाला, म्हातारी आई आहे. आमची आई मागच्या बाकावर भावाचं चष्म्याचं घर मुठीत धरून बसलेली. तिला कुणी विचारलं नाही.

काळाकोट: ते मीच लिहिलं. तुमचं दुःख खरं आहे. पण ज्याच्यामागे रडणारं कुणी नाही, त्याच्या खुन्याला कमी शिक्षा द्यायची? फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२), आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं २५८(२), आरोपीचं ऐकायला सांगतं, कारण तुरुंगात त्याला जायचंय.

सातबारा: अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात १५अ(५) वाचा. जामिनापासून शिक्षेपर्यंत पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. मल्लिकार्जुन कोडागली निकालात, २०१८ साली, सुप्रीम कोर्टानेही शिक्षा देताना पीडिताचं ऐकण्याचा गांभीर्याने विचार करा म्हटलंय. मग बाकीच्यांनी काय पाप केलं?

मधलीआळी: निवेदन राहू द्या, आधी तारीख तरी कळवा! माझी आत्या साक्षीला चारदा एसटीने गेली. सकाळी दहापासून बोर्डाखाली उभी, पुकारा संध्याकाळी, तोही "पुढची तारीख" सांगायला. निकाल लागल्याचं तिला शेजाऱ्याकडून कळलं.

काळाकोट: त्यात वकिलांचा काय दोष? एकेका सरकारी वकिलाकडे फायलींचा ढीग असतो.

मधलीआळी: एक फोन करायला ढीग आड येतो? चार दिवसांची मजुरी बुडाली तिची!

सातबारा: साक्षीदाराचा खर्च-भत्ता मिळाला का? मागावा लागतो, आपणहून कुणी देत नाही.

मधलीआळी: भत्ता असतो हेच आज कळतंय.

काळाकोट: बरं. निवेदन लेखी असावं, प्रत आरोपीच्या वकिलाला आधी मिळावी, काय नुकसान झालं तेवढंच त्यात असावं, किती वर्षं द्या हे नको. एवढं असेल तर माझा विरोध नाही. फाशीच्या केसमध्ये मात्र आहे, आणि राहील.

नदीकाठ: आईने दोन पानं लिहून नेली होती. शिक्षा किती द्या, हे त्यात कुठेच नव्हतं. रात्री दोनला दार वाजलं की अजून उठते, एवढंच होतं.

मधलीआळी: सातबारा, त्या भत्त्याचा अर्ज कुणाकडे द्यायचा?