शब्दचर्चा: अंतर्निरीक्षण की आत्मपरीक्षण?

दर्यापूरहून: बी.ए.च्या मुलींसाठी मनाच्या तत्त्वज्ञानावर टिपणं काढतो आहे. अभ्यासपद्धती सांगताना एका पुस्तकात 'अंतर्निरीक्षण' आहे, दुसऱ्यात 'आत्मपरीक्षण'. दोन्ही चालतील का?

आर्वीहून: नाही जी सर, गल्लत होईल. आत्मपरीक्षणात चूक-बरोबर येतं. निवडणूक हरलेल्या पक्षाला आपण तेच करायला सांगतो. अंतर्निरीक्षणात निवाडा नसतो, मनात काय चाललंय ते पाहून सांगायचं असतं. मानसशास्त्रज्ञ टिचनर यांच्या प्रयोगशाळेत त्यासाठी माणसं तयार केली जात. फक्त बाहेरून दिसणारं वर्तन अभ्यासा म्हणणारे मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी 1913 मध्ये ही पद्धतच नाकारली. आत पाहणाऱ्या दोन माणसांचं सांगणं जुळलं नाही, तर खरं कोणाचं धरायचं?

दर्यापूरहून: मग शब्द फक्त इतिहासापुरता ठेवू?

मेहकरहून: तसं करू नका सर. 1949 मध्ये तत्त्वज्ञ राइल यांनी वेगळा मुद्दा काढला: ज्याला आपण आत पाहणं म्हणतो, ते बहुतेक वेळा नुकतंच घडून गेलेलं आठवणं असतं. मला हा आक्षेप वॉटसनपेक्षा नेमका वाटतो. मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट 1970 च्या दशकापासून अनुभव आणि आठवण यांतलं हेच अंतर कमी करू पाहत आहेत. सहभागी माणसाजवळ एक यंत्र असतं, ते अवचित वाजतं. वाजण्याच्या अगदी आधीच्या क्षणी काय अनुभवत होतो, ते तो टिपून ठेवतो आणि नंतर त्यावर बारकाईने मुलाखत होते. अनेकांच्या नोंदींत मनातलं बोलणं फार कमी सापडतं. तत्त्वज्ञ एरिक श्विट्झगेबेल यांना या नोंदींवरही पूर्ण भरवसा नाही. हर्लबर्ट आणि त्यांनी 2007 मध्ये मिळून पुस्तक लिहिलं आणि त्यात एकेका नोंदीवर वाद घातला.

आमच्या वावरात कापूस वेचणाऱ्या काकूंना मी मधेच विचारलं, "काकू, आत्ता मनात काय चालू होतं?" त्या म्हणाल्या, "काही नाही बाई, बोंड पाहून रायली होती." 'काही नाही' म्हणजे शब्द नव्हते, पांढरं बोंड मात्र होतं. ही नोंद आत्मपरीक्षणात कुठे बसवणार?

आर्वीहून: ताईंचं उदाहरण टिपणात घ्याच. फक्त तिथे यंत्र नव्हतं, प्रश्न होता. प्रश्नाने उत्तर वळतं, हेही लिहा.

दर्यापूरहून: 'अंतर्निरीक्षण'च ठेवतो. हर्लबर्ट यांच्या पद्धतीला 'अनुभवाचे नमुने घेणे' म्हणू का?

मेहकरहून: चालेल, कळतं. मुलींकडून करूनही घ्या. मोबाईलचा गजर त्यांनी स्वतः लावू नये, मैत्रिणीने लावावा, म्हणजे वेळ कळणार नाही. आणि 'का वाटलं' लिहू नका म्हणावं, 'काय होतं' तेवढंच.