'पॅच'ला ठिगळ म्हणावे काय?

प्रश्न (नागपूर) : आमच्या लहानशा ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आम्ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची स्टँडर्ड लायब्ररी (भाषेसोबत येणारा तयार कोड) पॅच करून, म्हणजे बदलांच्या नोंदीची फाइल मूळ कोडला लावून, वापरतो. परसोडीच्या आयटी पार्कात बोलताना आम्ही सर्रास 'पॅच लावून राहिलो' म्हणतो. परंतु नवीन मुलांसाठी मराठीत टिपण लिहिताना 'पॅच', 'पोर्ट' (दुसऱ्या सिस्टीमवर चालेल असे केलेले रूप) आणि 'कंपॅटिबल व्हर्जन' यांसाठी अनुक्रमे 'ठिगळ', 'रूपांतर' आणि 'सुसंगत आवृत्ती' हे शब्द चालतील काय?

उत्तर : 'ठिगळ' टाळावे. ठिगळ फाटलेल्याला लागते, आणि येथे लायब्ररीत काहीच फाटलेले नसते. फायली, थ्रेड, घड्याळ यांसाठी तुमच्या सिस्टीमला हाक कशी मारायची, एवढेच तिला ठाऊक नसते. अर्थाने सर्वांत जवळचा शब्द 'शुद्धिपत्र' आहे, कारण पॅचमध्येही जुनी ओळ, नवी ओळ आणि आजूबाजूच्या साधारण तीन ओळी दिलेल्या असतात, आणि पुढच्या आवृत्तीत मजकूर सरकला की तो लागू पडेनासा होतो. रस्टची नवी आवृत्ती दर 6 आठवड्यांनी येते. 2024 च्या आरंभी 'सिस' फोल्डरातील प्लॅटफॉर्मनिहाय मजकूर 'पाल' या उपफोल्डरात हलवला गेला (हिचा भिंतीवरच्या पालीशी संबंध नाही), तेव्हा जुन्या पॅचने भर घातलेल्या फायली निमूटपणे जुन्याच जागी जाऊन बसत. तरीही लिहिताना 'पॅच'च ठेवावा. शुद्धिपत्रात मूळच्या चुकीची कबुली असते, ती येथे नाही.

'पोर्ट'ही तसाच राहू द्यावा. रूपांतर नाटकाचे होते.

प्रश्नकर्ता : आणि 'सुसंगत'?

उत्तर : खरी अडचण याच शब्दाची आहे. 'सुसंगत' म्हटले की रस्टच्या 1.76 आवृत्तीवर बांधलेली लायब्ररी 1.77 च्या कंपायलरलाही (कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमलाही) चालून जाईल, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात ही लायब्ररी कंपायलरच्या अस्थिर, अंतर्गत सोयींवर उभी असते आणि बांधलेल्या लायब्ररीतील मेटाडेटाही (तिच्याविषयीची अंतर्गत माहितीही) त्याच कंपायलरपुरता असतो. म्हणून दुसरी आवृत्ती दिसताच कंपायलर ई0514 ही त्रुटी दाखवून थांबतो. तेव्हा 'कंपायलरच्या नेमक्या त्याच आवृत्तीने बांधलेली' असे लांबलचक पण निःसंदिग्ध लिहावे.

क्रियापदांतही गल्लत होऊ देऊ नये : पॅच 'लागला' म्हणजे ओळी जागेवर बसल्या, लायब्ररी 'बांधली गेली' म्हणजे कंपायलरने ती स्वीकारली, आणि पोर्ट 'चालला' हे तुमच्या यंत्रावर चाचण्या पार पडल्यावरच म्हणावे. टिपणात या तिन्हींसाठी सरसकट 'झाले' लिहू नये.